ट्रेलरचा दिवा लागतोय, तरी गाडी म्हणते गेला: बल्ब बदलण्याआधी हे बघा

ट्रेलरच्या दिव्यांची तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की समोरच्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत मी मल्टिमीटर शोधायला लागतो. अगदी अलीकडचा ट्रेलर घ्या. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही टेल लाइट त्याच तालात मंद व्हायचे आणि डॅशबोर्डवर डावा इंडिकेटर तपासा अशी सूचना यायची. मी पोचेपर्यंत मालकाने तीन बल्ब बदलले होते. तिन्ही चांगले. काढून ठेवलेला पहिला बल्बही चांगलाच होता. दोष कुठे होता ते पुढे येईल. पण तुम्हीही बल्बची दुसरी डबी फोडायच्या बेतात असाल, तर जरा थांबा.

लक्षणं

- डॅशबोर्डवर ट्रेलरचा अमुक दिवा गेल्याची सूचना येते, पण मागे जाऊन बघावं तर दिवा लागलेला असतो.
- ट्रेलर जोडला की इंडिकेटरची टिकटिक दुप्पट होते. नेहमीचा वेग मिनिटाला ६० ते १२० उघडझाप एवढा असतो. त्याच्या वर गेला की कान लगेच ओळखतो.
- इंडिकेटर दिला की टेल लाइटही डोळे मिचकावतात, किंवा ब्रेक दाबला की ट्रेलरचं सगळंच मंदावतं.
- सगळे दिवे बंद आहेत, तरी अंधारात ट्रेलरचे एलईडी दिवे अधूनमधून क्षणभर लुकलुकतात.
- दारात उभं असताना सगळं ठीक. खड्डा किंवा वळण आलं की सूचना.
- एखादा दिवा लागतो, मग गप्प होतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की परत येतो.
- ट्रेलर जोडलाय हे गाडीच्या गावीही नसतं. एकही दिवा नाही, आणि मागे घेताना पार्किंग सेन्सर ट्रेलरलाच भिंत समजून ओरडत राहतात.
- याच्या उलट: ट्रेलर काढून ठेवलाय, तरी गाडी तो आहेच असं धरून चालते आणि मागचे सेन्सर मुके.

गाडीला नेमकं काय दिसतं

हा भाग गाळून थेट तपासणीकडे जायचा मोह होईल. जाऊ नका. वरची निम्मी लक्षणं इथेच उलगडतात.

जुन्या गाडीत हिशेब सरळ होता. मागच्या दिव्याच्या वायरीला दुसरी वायर जोडायची आणि ती सॉकेटपर्यंत न्यायची. गाडीचा दिवा लागला की ट्रेलरचा लागायचा. नव्या गाडीत तसं करता येत नाही, कारण तिच्या टेल लाइटला सलग व्होल्टेज मिळतच नाही. बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचे दिवे वगैरे सांभाळणारा छोटा संगणक, ते डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करतं. कित्येक गाड्यांत एकच दिवा मंद असताना टेल लाइट आणि पूर्ण तेजात ब्रेक लाइट, अशी दोन्ही कामं करतो. त्या वायरीला ट्रेलर जोडला की गाडीला वाटतं आपलाच दिवा बिघडला.

म्हणून ट्रेलरसाठी वेगळं मॉड्यूल असतं. बहुतेक वेळा ते डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे बसवलेलं सापडतं. ब्रेक दाबला, डावा इंडिकेटर चालू झाला, असे संदेश ते गाडीच्या कॅन नेटवर्कवर, म्हणजे गाडीतली मॉड्यूलं एकमेकांशी बोलतात त्या वायरींवर, ऐकतं. मग बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूजमधून आलेली वीज ते ट्रेलरच्या त्या त्या वायरीत सोडतं. सोडताना किती करंट गेला हेही मोजतं.

सगळी गोम या मोजण्यात आहे. मॉड्यूलला उजेड दिसत नाही, त्याला अँपिअर दिसतात. २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. ५ वॅटचा टेल लाइट घेतो ०.४२ अँपिअर. करंट ठरावीक मर्यादेखाली गेला की मॉड्यूलचा निष्कर्ष ठरलेला: बल्ब गेला. फारच जास्त गेला तर शॉर्ट समजून ते ती वायर बंद करतं, आणि बऱ्याच मॉड्यूलांत चावी बंद करून पुन्हा फिरवेपर्यंत ती बंदच राहते. थोडा वेळ लागून मग गप्प होणारा दिवा बहुधा या जातीचा असतो.

आता एलईडीचा दिवा बघा. तेवढ्याच उजेडाला तो ०.१ ते ०.३ अँपिअर घेतो. जे मॉड्यूल फक्त बल्ब ओळखतं, त्याच्या लेखी हा दिवा तिथे नाहीच. शिवाय काही मॉड्यूलं दिवा बंद असतानाही वायरीत अगदी बारीक धक्के सोडून फिलामेंट शाबूत आहे का ते चाचपत राहतात. फिलामेंटला एवढ्या वेळात तापायला सवड मिळत नाही, म्हणून बल्बवर काही दिसत नाही. एलईडी मात्र लगेच पेटतो. अंधारातल्या लुकलुकीचं कारण हे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

ट्रेलर आहे की नाही हेही बरीच मॉड्यूलं असंच, वायरीवर भार, म्हणजे करंट घेणारं काही, सापडतो का ते बघून ठरवतात. ट्रेलर आहे म्हटलं की गाडी मागचे सेन्सर बंद करते, स्वतःचा मागचा फॉग लाइट विझवते, आणि सोय असेल तर ट्रेलरचं हेलकावणं आवरणारी यंत्रणा जागी करते. म्हणजे दिव्याची एक खराब वायर नुसती दिव्यापुरती राहत नाही.

फुकटात होणारी तपासणी

चावी बंद करा आणि प्लग काढा. मिनिटभर थांबून प्लग पुन्हा घट्ट बसवा, झाकणाची खाच नीट अडकू द्या, मग चावी फिरवा. मॉड्यूल धरून बसलेला जुना दोष यातून सुटतो, आणि ट्रेलर ओळखायची क्रिया पहिल्यापासून होते. चालू गाडीत घाईने प्लग खुपसला की काही गाड्या अर्धवट ओळख करून घेतात आणि मग दिवसभर रुसून बसतात.

आता एका वेळी एकच काम द्या: आधी फक्त टेल लाइट, मग फक्त डावा इंडिकेटर, उजवा, ब्रेक. नंतर जोड्या: टेल लाइट चालू ठेवून इंडिकेटर, टेल लाइट चालू ठेवून ब्रेक. एकटे असाल तर मोबाइल ट्रेलरमागे उभा करून व्हिडिओ घ्या. ब्रेकच्या पेडलला सीटपासून काठीचा टेकू दिला तरी चालतं. जे दिसेल ते कागदावर लिहा. एकटा दिवा ठणठणीत आणि जोडीत मंद, एवढी एकच नोंद तुमचा तासभर वाचवते. तिचा अर्थ अर्थिंगपाशी सांगतो.

प्लग, सॉकेट, ॲडाप्टर

सॉकेटचं झाकण उघडून टॉर्च मारा. हिरवट-पांढरी पावडर दिसली तर ते तांब्या-पितळेचं गंजणं आहे. काळा किंवा वितळलेला डाग दिसला तर तिथे लूज कॉन्टॅक्ट होता आणि जागा तापत होती. सॉकेटच्या मागच्या बाजूला, जिथे वायर आत शिरते, ते रबरी बूच जागेवर आहे का तेही बघा. पाणी बहुतेक वेळा मागूनच येतं, आणि लोक झाकणाला दोष देत बसतात.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारून लहान ब्रशने घासा आणि वाळू द्या. सात पिनच्या जुन्या पितळी प्लगमध्ये पिनेला मधोमध चीर असते. चिमटल्या गेलेल्या पिना पातळ पात्याने किंचित, अगदी किंचित फाकवा. शेवटी डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात. ग्रीस थापून पिना बुडवू नका, त्यात धूळ बसून पुढच्या वर्षी घासणारी पेस्ट होते.

१३ पिनच्या सॉकेटात सात पिनचा प्लग घालायला ॲडाप्टर असेल, तर तो आधी बाजूला काढून त्याची वेगळी तपासणी करा. माझ्या अनुभवात ॲडाप्टर हा या सगळ्या साखळीतला सर्वांत हलक्या दर्जाचा भाग असतो. आणि काम झाल्यावर तो सॉकेटात ठेवून देऊ नका. ओल तर धरतोच, पण काही सॉकेटांत प्लग आला हे कळण्यासाठी छोटा स्विच असतो. ॲडाप्टरने तो दाबलेलाच राहतो आणि गाडीचा फॉग लाइट लागत नाही. ट्रेलर नसताना गाडीला तो दिसत असेल, तर पहिला संशय इथेच घ्या. दुसरा संशय सॉकेटात साचलेल्या पाण्यावर.

दोष गाडीत की ट्रेलरमध्ये

एकच तपासणी करायची ठरवलीत तर ही करा. यापुढचं काम निम्मं होतं.

दुसरा, चांगला चालणारा ट्रेलर मिळाला तर या गाडीला जोडून बघा. हाच ट्रेलर दुसऱ्या गाडीला जोडून बघता आला तर आणखी उत्तम. ते शक्य नसेल तर बल्बवाला टेस्टर वापरा. बल्बवाला हे मुद्दाम म्हणतोय. बारीक एलईडी असलेले जे चिमुकले टेस्टर मिळतात, ते इतका कमी करंट घेतात की मॉड्यूलला ट्रेलर जोडलाय हेच कळत नाही. टेस्टरवर काहीच लागत नाही आणि माणूस मॉड्यूल मेलं समजून नवं मागवतो. असं मागवलेलं मॉड्यूल मी एकदा मालकाला डबी न उघडता परत पाठवायला लावलं आहे. गाडीत काही दोष नव्हता.

टेस्टर घरीही होतो. २१ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवा आणि दोन वायरी काढा. एक वायर अर्थच्या पिनेला, दुसरी ज्याची तपासणी करायची त्या पिनेला. टेल लाइटसाठी ५ वॅटचा बल्ब वापरा. बल्ब आधी जोडा आणि चावी नंतर फिरवा, म्हणजे मॉड्यूलला सुरुवातीलाच भार सापडेल. बाकीचे दिवे नाहीत म्हणून डॅशबोर्ड सूचनांचा पाऊस पाडेल, तिकडे लक्ष देऊ नका. एकट्या बल्बवर एखादं मॉड्यूल जागं होत नाही. तेव्हा टेल आणि इंडिकेटरच्या पिनांवर एकदम बल्ब लावा.

आयएसओ १७२४ चं सात पिनचं आणि आयएसओ ११४४६ चं १३ पिनचं सॉकेट यांत पहिल्या सात पिना सारख्याच आहेत: १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग लाइट, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल लाइट, ६ ब्रेक, ७ डावा टेल लाइट. १३ पिनच्या सॉकेटात पुढे ८ रिव्हर्स, ९ कायमचे १२ व्होल्ट, १० चावी फिरवल्यावर मिळणारे १२ व्होल्ट, ११ ही दहाची अर्थ आणि १३ ही नवाची. आकडे प्लगच्या तोंडावरच बारीक कोरलेले असतात. चष्मा लावून वाचा, रंगांवर विसंबू नका. आधी कुणी दुरुस्ती केली असेल तर हाताला लागली ती वायर जोडलेली असते. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या चार वायरींच्या जोडणीत तर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरीवर चालतात: पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची, तपकिरी टेल लाइटची, पांढरी अर्थ. त्या ट्रेलरला वरचा हिशेब लागू पडत नाही.

बल्ब सगळ्या पिनांवर झक्क लागला तर गाडी सुटली आणि दोष ट्रेलरमध्ये. एखाद्याच पिनेवर लागला नाही तर सॉकेटच्या मागची वायर किंवा मॉड्यूल. एकावरही नाही, तर फ्यूज.

फ्यूज

मॉड्यूलला बहुधा एकापेक्षा जास्त फ्यूज असतात, आणि ते सगळे एकाच पेटीत असतील असं नाही. जागा गाडीच्या पुस्तिकेत मिळते. नुसतं काढून बघू नका. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. फ्यूज जागेवर असताना मीटरचं काळं टोक अर्थला धरा आणि लाल टोक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही टोकांना एकेक करून लावा. दोन्हीकडे १२ व्होल्ट हवेत.

गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. १५ चा वारंवार जातो म्हणून ३० चा घालणाऱ्या माणसाने फ्यूज वाचवला आणि वायर जाळली. ट्रेलर जोडला की लगेच उडत असेल तर ट्रेलरमध्ये शॉर्ट आहे. ट्रेलर काढलेला असतानाही उडत असेल, तर तुमचं काम इथे संपलं. शेवटच्या भागाकडे जा.

अर्थिंग: बहुतेकांचा दोष इथेच निघतो

तीन बल्बवाला ट्रेलर आता आठवा. इंडिकेटर दिला की टेल लाइट मंद. ट्रेलरवरच्या सगळ्या दिव्यांचा करंट परत जायची वाट एकच असते. तिथे गंज बसला की ती अरुंद होते. एकटा दिवा कसाबसा निभावतो. दुसरा लागला की दोघांचा करंट त्याच वाटेत कोंडतो, दोघांनाही व्होल्टेज कमी मिळतं आणि दोघेही मंदावतात. म्हणून मघाशी जोड्या लावून बघायला सांगितलं.

आकड्यांत सांगतो. अर्थच्या वाटेत फक्त ५ ओहमचा अडथळा आला, तरी २१ वॅटच्या बल्बला १२ ऐवजी जेमतेम ६ व्होल्ट मिळतात आणि करंट पावणेदोनवरून सव्वा अँपिअरच्या आसपास उतरतो. टेल लाइट चालू असतील तर त्याहून कमी. मॉड्यूल हा घटलेला करंट बघतं आणि बल्ब गेला म्हणतं. बल्ब बिचारा जागेवर असतो. तुम्ही नवा घालता, तो अगदी तेवढाच करंट घेतो, सूचना पुन्हा येते.

दोष कसा पकडायचा? टेल लाइट चालू ठेवा, ब्रेक दाबून ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक दिव्याच्या होल्डरच्या अर्थला, दुसरं गाडीच्या सॉकेटकडच्या अर्थला किंवा थेट बॅटरीच्या उणे टोकाला. वायर लांब लागेल, जोडून घ्या. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर छान. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष सापडला. आता दिव्यापासून प्लगकडे एकेक जोड मागे येत मोजा. आकडा जिथे झपकन उतरतो, त्या जोडात गंज आहे.

मीटर नसेल तर एक जाड वायर दिव्याच्या अर्थपासून गाडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टला लावा. दिवे एकदम उजळले तर झालं निदान.

दिवे चालू नसताना घेतलेलं माप मात्र फसवं असतं. मीटर स्वतः नगण्य करंट घेतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो छान १२ व्होल्ट दाखवतो, आणि त्या तारेवर २१ वॅटचा बल्ब काही लागत नाही. भार देऊन मोजा, नाहीतर मोजूच नका.

या कथेतला खरा चोर मात्र वेगळाच असतो, आणि तो म्हणजे कपलिंगचा गोळा, गाडीमागचा ज्यावर ट्रेलर अडकवतात तो. प्लगमधली अर्थची वायर पूर्ण तुटली तरी करंट ट्रेलरच्या सांगाड्यातून गोळ्यावर आणि तिथून गाडीच्या बॉडीत जाऊ शकतो. दारात उभं असताना धातूला धातू टेकलेला असतो, सगळं लागतं. रस्त्यावर गोळा फिरतो, मध्ये ग्रीस येतं, संपर्क सुटतो-जुळतो आणि सूचना येते-जाते. खड्डे आणि वळणांवरच उमटणारी तक्रार असली की मी दांड्याचा पुढचा भाग जॅकवर उचलतो, गोळा मोकळा करतो आणि प्लग जोडलेला ठेवून दिवे बघतो. त्या ट्रेलरवर हे केलं आणि सगळे दिवे एकदम गेले. प्लग उघडला तर तीन नंबरची पांढरी वायर स्क्रूखालून कधीच निसटून बाजूला उभी होती. टोकावर हिरवी बुरशी, म्हणजे निसटून बरेच महिने झाले असणार. चार इंच मागे कापून चकचकीत तांबं मिळालं, तिथून नवं टोक केलं. दहा मिनिटांचं काम.

सांगाड्यावर बोल्टने अर्थ घेतलेली असेल तर तो जोड खोला, रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा, गोल लग आणि दातेरी वॉशर लावून आवळा, वरून रंग किंवा ग्रीस. मी स्वतः सांगाड्यावर भिस्त ठेवत नाही. प्रत्येक दिव्यापासून प्लगपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढतो. १३ पिनच्या ट्रेलरमध्ये ३, ११ आणि १३ या तीन अर्थ ट्रेलरच्या बाजूने एकत्र बांधू नका. फ्रिज किंवा बॅटरी चार्जिंगचा मोठा करंट दिव्यांच्या अर्थमधून जायला नको म्हणूनच त्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

बल्ब आणि होल्डर

आता कुठे बल्बकडे. दोन फिलामेंटचा २१/५ वॅटचा बल्ब आणि एका फिलामेंटचा २१ वॅटचा बल्ब दिसायला भावंडं असतात. दोन फिलामेंटवाल्याच्या बाजूच्या खुंट्या खालीवर असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. तरी जोर करून उलटा बसवलेले बल्ब मी काढले आहेत. मग टेल लाइट झगझगीत आणि ब्रेक मिणमिणता. तुटलेलं फिलामेंट शेजारच्याला चिकटलं की टेल आणि ब्रेक एकमेकांत मिसळतात आणि मॉड्यूल पार गोंधळतं, म्हणून बल्ब उजेडात धरून आत बघा. होल्डरची पितळी जीभ दबली किंवा गंजली असेल तर घासून वर उचला. जमत नसेल तर अख्खा दिवाच बदला.

एलईडी दिवे बसवल्यावर सुरू झालेली तक्रार

बल्बच्या जागी एलईडी बसवल्या दिवसापासून सूचना येत असेल, तर दोष शोधत बसू नका. कमी करंट हेच कारण.

सगळे सांगतात तो उपाय म्हणजे भार वाढवणारा रेझिस्टर. २१ वॅटच्या बल्बसाठी साधारण ६ ओहम, ५० वॅटचा वापरतात. १२ व्होल्टवर तो २ अँपिअर घेतो आणि २४ वॅट नुसती उष्णता करतो. इंजिन चालू असताना १४ व्होल्टवर हीच उष्णता ३२ वॅटच्या वर जाते. हात लावला तर चटका बसेल एवढा तापतो, तेव्हा प्लास्टिकवर, वायरींच्या गठ्ठ्यावर किंवा दिव्याच्या आत बसवायचा नाही. धातूच्या पत्र्यावर, हवेशीर जागी. इंडिकेटरवर ठीक, कारण तो निम्मा वेळ बंद असतो. टेल लाइट तासन्‌तास चालतो आणि ब्रेक गर्दीत बराच वेळ दाबलेला राहतो. तिथे हा रेझिस्टर मी लावत नाही.

दुसरी अडचण मला जास्त खटकते. रेझिस्टर लावला की मॉड्यूलला नेहमी भरपूर करंट दिसतो. उद्या एलईडी खरोखर गेला तरी गाडी म्हणेल सगळं ठीक. म्हणजे सूचना बंद करण्याच्या नादात आपण राखणदारालाच झोपवतो. त्यापेक्षा मॉड्यूलला एलईडी ट्रेलरची सेटिंग आहे का ते विचारून घ्या, किंवा निगराणीला जुळणारे इंडिकेटर दिवे घ्या. असा दिवा चांगला असल्याची खूण म्हणून सुरुवातीला क्षणभर करंटचा ठोका देतो.

एका बाजूला बल्ब आणि दुसऱ्या बाजूला एलईडी, असं मात्र कधीच ठेवू नका.

वायर

इथपर्यंत काहीच सापडलं नाही, तर वायर. गुडघ्यावर बसायची तयारी ठेवा.

आधी प्लगपासून हातभर केबल. तीव्र वळणावर हीच ताणली जाते, आणि लोंबत असेल तर रस्त्यावर घासते. दिवे चालू ठेवून ती थोडी थोडी वाकवत जा. बाहेरचं आवरण शाबूत असतं, आत तांबं तुटलेलं. मग सांगाड्यातून वायर जिथे भोकातून जाते तिथे रबरी बूच आहे का बघा, नसेल तर पत्र्याच्या धारेने आवरण कापलेलं सापडेल. शेवटी खालच्या बाजूचा जोडांचा डबा. तो उघडला की कधी कधी अक्षरशः पाणी सांडतं.

लांब वायरीत दोष कुठे ते कळत नसेल तर मध्ये मोजा. मधल्या जोडावर भार असताना पूर्ण व्होल्टेज मिळालं तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही मिळालं तर मागच्या. पुन्हा अर्धं करा. वायरीत सुई टोचून मोजायची सवय असेल तर सोडा, त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभराने तोच दोष तिथे उभा राहतो. जोड करताना आतून गोंद असलेली श्रिंक नळी (तापवली की आकसणारी) वापरा. नुसती टेप उन्हात सुटते.

कुठे थांबायचं

पुढचं काही दिसलं तर हत्यारं खाली ठेवा आणि गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या माणसाला बोलवा.

ट्रेलर काढलेला असताना फ्यूज पुन्हा उडतो. मॉड्यूल ओलं झालंय, किंवा जवळ गेलं की जळका वास येतो. ट्रेलर जोडला की एबीएसचा, एअरबॅगचा किंवा इंजिनचा दिवाही पेटतो. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर यू अक्षराने सुरू होणारे कोड येतात, म्हणजे दोन मॉड्यूलांमधला संवादच तुटतोय. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत आणि तक्रार त्या वायरीपर्यंत पोचली आहे, तेव्हा तर प्रयोग नकोतच.

मॉड्यूलला जाणाऱ्या वायरींत एकमेकींना पीळ घातलेली एक जोडी दिसेल. ती कॅनची. तिला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, जोड काढायचा नाही, सुई टोचायची नाही. त्या जोडीवर गाडीची बाकीची मॉड्यूलंही बोलत असतात. पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असण्याची शक्यता मोठी आहे, हात लावू नका.

आणखी एक जागा जिथे पाना-पक्कड उपयोगी पडत नाही, ती म्हणजे कोडिंग. मॉड्यूल नंतर बसवलंय, टेस्टरवर दिवे लागतात, पण मागचे सेन्सर बंद होत नाहीत आणि डॅशबोर्डवर ट्रेलरची हिरवी खूण येत नाही: गाडीच्या मुख्य मॉड्यूलला ट्रेलरचं मॉड्यूल आलंय हे कुणी सांगितलेलंच नाही. सॉफ्टवेअर अपडेट किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर अचानक अशी तक्रार आली, तर आधीचं कोडिंग पुसलं गेलंय का ते आधी बघायला सांगा.

त्या माणसाकडे जाताना मघाचा कागद घेऊन जा: कोणती पिन भार देऊन तपासली, कुठे किती व्होल्ट मिळाले, एकटा दिवा कसा आणि जोडीत कसा, दिवे बल्बचे की एलईडीचे, आणि प्लग काढल्यावर सूचना जाते की राहते. तोवर ब्रेक लाइट किंवा इंडिकेटर नसलेला ट्रेलर ओढू नका, दारातच राहू द्या.